उजव्या पायातलं जोडवं

रविवारी सकाळी आम्ही घोटीहून स्कूटरवर निघालो. विल्होळीपाशी मागून ट्रक आला. माझा पाय चाकाखाली गेला. माझा नवरा गेला.

यातलं शेवटचं वाक्य मला पाचव्या दिवशी कळलं. तोपर्यंत तो दुसऱ्या दवाखान्यात आहे, डोक्याला मार आहे, डॉक्टर बोलू देत नाहीत, असं घरचे मला सांगत होते. मी विश्वास ठेवला. माझ्या डाव्या पावलावरची कातडी घोट्यापासून बोटांपर्यंत सोलून निघाली होती. गुंगीत माणूस फार प्रश्न विचारत नाही.

दवाखान्यात नेल्याबरोबर डाव्या पायातलं जोडवं कापून काढलं होतं, कारण बोट सुजत चाललं होतं. मंगळसूत्र आणि बांगड्याही ऑपरेशनच्या आधी उतरवल्या. उजव्या पायातलं जोडवं मात्र निघेना. लग्नात घातलेलं ते, बावीस वर्षांत बोट त्याच्याभोवती जाड झालं होतं. "राहू द्या, या पायाला काही झालेलं नाही," म्हणत सिस्टरनं त्यावर चिकटपट्टी लावली.

पाचव्या दिवशी दुपारी धाकटी नणंद शेजारी बसून मोसंबी सोलत होती. मी शाळेत ग्रंथपाल आहे, वस्तू जागेवर नसली की मला चैन पडत नाही. मी तिला विचारलं, "ते कापलेलं जोडवं कुणाकडे दिलंय गं? नीट ठेव. घरी गेले की सराफ बाजारातून जोडून आणते. एका पायात जोडवं घालून कसं हिंडायचं?"

तिचे हात थांबले.

"वहिनी," ती म्हणाली. मग म्हणाली, "मोसंबी आंबट निघाली," आणि उठून बाहेर गेली. तिनं ती चाखलीच नव्हती. मी स्टुलावरच्या सालींकडे बघत राहिले. संध्याकाळी दीर आले, खुर्ची जवळ ओढून बसले आणि त्यांनी मला सांगितलं. मी मान हलवली. मला दुपारीच कळलं होतं.

दशक्रिया रामकुंडावर झाली. त्यासाठी कुठून कुठून माणसं नाशिकला येतात. मी नाशिकचीच, नदीपासून रिक्षाच्या अंतरावर, पाय दोन उशांवर ठेवून पडले होते. वॉर्डातल्या मावशी तेवढ्या येऊन जात. "ताई, पाय खाली सोडायचा नाही हं. डॉक्टर मला ओरडतात." त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी झालेलं बोलणं एवढंच.

नंतर बायका नदीवरून तशाच आल्या. सासूबाई, नणंद आणि घोटीच्या चुलत सासूबाई. साड्यांचे काठ ओले होते. चुलत सासूबाईंनी माझ्या पायावरची चादर वर केली.

"तेवढं एक राहिलंय बघ. मी साबण आणलाय. दोन मिनिटात निघंल."

त्या चिकटपट्टी सोलू लागल्या. पाय मागे घेता आला असता, पण ते सुचलं नाही.

"ठेव तो साबण," सासूबाई म्हणाल्या. "घरी जाऊन भांडी घास त्यानं."

"अगं, रीत हाय ती. तुझं काढलं तव्हा मीच होते ना?"

"व्हतीस. पण मी अशी आडवी पडलेली नव्हते. हिला आधी उभी राहू दे. मग तिचं ती काढील."

चुलत सासूबाईंनी साबण पिशवीत टाकला. "उद्या लोक मला नावं ठेवतील," त्या म्हणाल्या.

"आजवर काय कमी ठेवलीत?" सासूबाई म्हणाल्या. नणंद रडता रडता हसली.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. ते जोडवं काढायचं की ठेवायचं, हे मी उभी राहून, माझ्या हातानं ठरवायचं. बाकी सगळं मी आडवी असताना होऊन गेलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मांडीची कातडी काढून पावलावर बसवली. जिथून कातडी घेतली ती जागा पावलापेक्षा जास्त दुखायची, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पाच दिवसांनी पट्टी उघडली. डॉक्टरांनी बघायच्या आधी वास घेतला आणि म्हणाले, "बसलंय." मी मान उचलून पाहिलं. बारीक जाळी पाडलेली, जांभळट, ओली कातडी. माझीच होती, पण ओळखीची वाटली नाही.

सिडकोतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मला खुर्चीत बसवून वर नेलं. आम्हाला मूल नाही. सासूबाई भाताची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू होईपर्यंत माझ्याजवळ राहिल्या. नव्या कातडीला घाम येत नाही, तिचा स्वतःचा ओलावा नसतो, ती तडकते. म्हणून रोज दुपारी त्या तिला खोबरेल तेल चोळत.

"लागतंय का?"

"नाही."

"काहीच नाय?"

"काहीच नाही."

"बरंय तुझं," त्या म्हणायच्या आणि चोळत राहायच्या. त्यांचा मुलगा गेला होता. त्याच्याविषयी आम्ही दोघी याहून जास्त कधी बोललो नाही. उजव्या पायाला त्यांनी हात लावला नाही.

त्या गेल्यावर घर शांत झालं. सकाळी दूधवाल्याला "एकच पिशवी" म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा "एकच पिशवी" म्हणेपर्यंत कधीकधी माझ्या तोंडून शब्द निघत नसे. पुस्तकं उशाशी होती. सहा महिन्यांत एकही पुरं झालं नाही. चांगलं काही आलं की मला त्याला वाचून दाखवायची सवय होती, तो पेपरमधून डोकं न काढता "हं, पुढे?" म्हणायचा. अशी जागा आली की मी पुस्तक मिटायची.

व्यायाम शिकवायला बाई येत. एकदा त्या म्हणाल्या, "आज पायाच्या बोटांना हात लावा." उजव्या पायाला हात पोचला. जोडवं बोटात सहज फिरलं. पूर्वी फिरत नसे. आजारपणात मी खूप वाळले होते. ओढलं असतं तर निघालं असतं. मी हात मागे घेतला.

नंतर एका सकाळी अंघोळ करताना फरशीवर आवाज झाला. जोडवं घरंगळत मोरीच्या जाळीपाशी जाऊन थांबलं. कुणी काढलं नव्हतं. मीही नाही. नळ धरून मी वाकले, ते उचललं आणि सरळ झाले. तेव्हा लक्षात आलं की डाव्या पायावरही पूर्ण भार आहे. मी उभी होते आणि जोडवं माझ्या हातात होतं.

अंग पुसून मी शिवणाचा डबा काढला. जोडव्याला आतून पांढरा दोरा गुंडाळला, घट्ट बसेल इतका, आणि ते परत बोटात घातलं. का, ते मला नीट सांगता येत नाही. त्याच्या वेळचं अंगावर एवढंच राहिलं होतं, आणि निदान हे उतरणं तरी मला ठाऊक असताना घडावं असं वाटलं.

चैत्रात सासूबाई चार दिवस राहायला आल्या. पहिल्याच दुपारी तेलाची वाटी घेऊन बसल्या. उजव्या पायाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी वाट बघत होते.

"दोरा मळलाय," त्या म्हणाल्या. "बदल."

आता मी दर रविवारी दोरा बदलते. शाळेत पुन्हा जाते. उकिडवं बसता येत नाही, म्हणून खालच्या फळीवरची पुस्तकं मुलींना काढायला सांगते. डाव्या पावलावर मांडीची कातडी आहे. तिला पाण्याचा स्पर्श कळत नाही. कापलेलं जोडवं कपाटात डबीत आहे. दुसरं पायात आहे. घरात मी एकटी आहे.