विलायतेचा दलाल

साऱ्या वऱ्हाडात आयुष्यात एकदाही न चुकलेला माणूस एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे माझे मावसाजी. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणत, आणि अशा आवाजात की अमरावतीच्या कापूसबाजारात ते बोलले की बडनेऱ्याचे बैल कान टवकारत. अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला, तेव्हाची ही गोष्ट. ज्याच्या त्याच्या बैलाच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्यांच्याकडे बैल नव्हते त्यांनी शेंब्या आधी करून ठेवल्या. मावसाजी कापसाचे दलाल. तेव्हा सौदा तोंडानं होत नसे. दोघांनी उपरण्याखाली उजवे हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे भोवतालच्या घोळक्याला पत्ता लागत नसे. मावसाजींची बोटं इतकी बोलकी की त्यांच्याशी सौदा करून आलेला एक शेतकरी सांगत होता, भावाबरोबर त्यांनी माझ्या पोरीच्या लग्नाचीही चौकशी केली.

त्याच भरात अकोल्याच्या कुणा साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला आणि मावसाजी तिथून एक जुनी तसबीर घेऊन आले. सोनेरी चौकटीत कुणा गोऱ्याचं छापील चित्र: अंगात जरीचा कोट, छातीवर बिल्ले, मागे जहाज, आणि उजवी बाही दुमडून छातीशी टाचलेली. खाली इंग्रजीत काही लिहिलं होतं. ते वाचणारं कुणी नव्हतं, आणि मावसाजींना त्याची गरजही नव्हती. तसबीर पेढीवर टांगून त्यांनी जाहीर केलं, "हा विलायतेचा सगळ्यात मोठा दलाल हाय. पाह्य, हात कोटात घातला हाय. सौदा करून राहिला." जहाज कशाला? कापूस न्यायला. बिल्ले? एकेका सौद्याचे. एक डोळा जरा मेल्यासारखा दिसे, त्याचंही उत्तर तयार: समोरच्याला नजरेतून भाव कळू नये म्हणून. गाडी सोडली की शेतकरी आधी त्याला हात जोडत आणि मग कापसाचं बोलत. पान लावताना मावसाजी त्याच्याकडे असे पाहत, जणू परदेशी नाव काढलेला सख्खा भाऊच.

पुढच्या हंगामात कापसाच्या गाठी दाबायच्या यंत्रात मावसाजींचा उजवा हात सापडला. जीव वाचला, हात कोपरापासून गेला. डाव्या हाताचा सौदा बाजारात अपशकुनी, त्यामुळे त्यांनी घर धरलं, तसबीरही घरी आणवली. आवाज असा बसला की मावशीला शेजारी बसूनसुद्धा दोनदा विचारावं लागे. मला एवढंच म्हणाले, "बापू, दलाल गेला. आता नुसता म्हातारा उरला."

अकोल्याचे एक बोहरी शेठ त्यांचे जुने स्नेही. जहाजानं देशोदेशी फिरलेले, इंग्रजी जाणणारे. ते समाचाराला आले, तसबिरीखालचं वाचलं आणि हसून म्हणाले की हा दलाल नव्हे, दर्यावरचा सरदार आहे. बाहीत हातच नाही, तो लढाईत गेला. मी मावशीकडे पाहिलं, मावशीनं माझ्याकडे. कधीही न चुकलेला माणूस आमच्यादेखत चुकला होता.

मावसाजींनी मान वळवून तसबिरीकडे पाहिलं. मग विचारलं, "मंग घरी बसला का तो?"

"नाही," शेठ म्हणाले. "सगळ्यात मोठी लढाई त्यानं त्यानंतरच मारली."

दुसऱ्या दिवशी मावशीकडून फेटा बांधून घेऊन मावसाजी बाजारात उभे राहिले. बार्शीटाकळीचे एक पाटील गाड्यांची रांग घेऊन आले होते. मावसाजींनी डाव्या हातावर उपरणं टाकून तो पुढे केला. बाजार असा चूप झाला की सरकीतला किडा कूस बदलताना ऐकू यावा. पाटलांनी सवयीनं उजवा हात उचलला, थांबले, तो मागे घेतला आणि आपला डावा उपरण्याखाली घातला.

"डाव्याले डावाच पायजे," ते म्हणाले.

सौदा झाला. माझी छाती अशी फुगली की बंडीचे बंद तुटले. त्या हंगामात अमरावतीचे पोरसवदा दलाल डाव्या हातानं सुपारी फोडायला शिकले. मावसाजींचा आवाज परत बडनेऱ्यापर्यंत गेला, आणि चूक तर त्यांनी मरेपर्यंत मानली नाही. लढाई म्हणजे तरी काय, सौदाच की, असं म्हणत.

मावसाजी गेले, कापसाची ती तेजीही गेली. एकदा बार्शीटाकळीला त्या पाटलांची गाठ पडली. पार थकले होते. त्या दिवशी मावसाजींनी भाव काय दिला होता, मी विचारलं.

"काय माईत," पाटील म्हणाले. "बोटं लय थरथरत होती त्यायची. मले काईच कयलं नाई. मी आपली मान हालवली."