पायरीवरचा जोड

जर्मनीत एर्लांगेनला पीएच.डी. करताना मी ज्यांच्याकडे राहायचो, त्या घरमालकीणबाई दर शनिवारी बुटांचे दोन जोड पॉलिश करत, स्वतःचा आणि नवऱ्याचा. नवरा युद्धावरून परतलाच नव्हता. त्याला वीस वर्षं होत आली होती. विषय निघाला की ‘आल्झो’, म्हणजे ‘बरं तर’, एवढंच म्हणून त्या उठायच्या.

त्या वर्षी त्या एका ग्रुपबरोबर जपान पाहून आल्या. स्लाइड्स दाखवताना एका देवळाची पायरी आली. पायरीवर एकच जोड होता, पुरुषाचा, चकचकीत. मी तो ओळखला.

“निघताना सगळ्यांनी आपापले बूट घातले, हा उरला,” त्या म्हणाल्या. “गाइड म्हणाला, कोणीतरी आत राहिलंय, थांबू या.”

“मग तुम्ही?”

“गप्प राहिले. त्याच्यासाठी एवढी माणसं थांबलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.”