कांबळे सिस्टरांची उलटतपासणी

सिस्टरांच्या लेकीचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी राजारामपुरीच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होते. "बाई, आई गेली..." एवढंच ती म्हणाली. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं. माझ्या बरोबर खालच्या घरात हे घडलं आणि मला पत्ता नाही! सकाळी जिना उतरताना त्यांच्या दाराला कुलूप दिसलं होतं. मनात म्हटलं, गेल्या असतील हुपरीला भावाकडे. मला नाही सांगायचं तर नका सांगू. अकरा दिवस आमचं बोलणं बंद होतं. भांडण म्हणावं तर तसं भांडणही नव्हतं. आज महिना उलटून गेला तरी ते कुलूप आणि माझा तो फणकारा डोक्यातून जात नाही.

शालन कांबळे हे त्यांचं नाव, पण आमच्या इमारतीत त्या सगळ्यांच्या सिस्टर. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यातली बरीचशी भाजलेल्या बायकांच्या वॉर्डात काढलेली. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, म्हणून सगळ्यांची बाई. शेजार बारा वर्षांचा. माझं ब्लडप्रेशर दर सोमवारी तपासायच्या आणि आकडा बघितला की ओरडायच्या, "लोणचं किती खाताय ओ बाई? मरायचंय काय?" रागावण्याचा हक्क आपणहून घेणारी माणसं या वयात किती उरतात सांगा! माझी तर तेवढी एकच होती.

पुण्याच्या माझ्या भाचीनं टीव्हीवर एक ब्रिटिश मालिका लावून दिली, तिथून हे सगळं सुरू झालं. कोर्टाची गोष्ट. एका श्रीमंत माणसावर बायकोला जिन्यावरून ढकलून मारल्याचा खटला. रविवारी चारच्या सुमाराला मी, सिस्टर आणि वरच्या मजल्यावरची पाटीलवहिनी अशा आम्ही तिघी माझ्या हॉलमध्ये जमायचो. मधे भडंगाची परात, आणि इंग्रजी कळायला मी. एकेक वाक्य झालं की रिमोटनं थांबवायचं, मराठीत सांगायचं आणि पुढे जायचं. पाऊण तासाचा भाग आम्हाला दोन तास पुरायचा. वकिलांच्या डोक्यावरचे ते पांढरे टोप बघून पाटीलवहिनी पहिल्याच दिवशी म्हणाली, "ह्यात उवा न्हाईत व्हय पडत?" वकील आवाज चढवत नाही, टेबल आपटत नाही, याचा तर तिला भयंकर राग. "ह्यो कसला वकील! बँकेत कर्ज मागाय आल्यागत बोलतोय." सिस्टरांचं लक्ष भलतीकडेच. "सलाईनची सुई कुठं लावलीय बघा. अशानं हात सुजंल की तिचा."

तिकडं ज्युरी म्हणून बारा साधी माणसं बसून निकाल देतात, हे मी समजावून सांगितलं तेव्हा पाटीलवहिनी उडालीच. "म्हंजे आपल्यासारखी? मग आपण बी देऊया की!" झालं! त्या दिवसापासून भाग संपला की आमचं मतदान. मी आणि वहिनी दर रविवारी कुणाला ना कुणाला फासावर चढवायचो. सिस्टर मात्र मत द्यायच्याच नाहीत. "थांबा की जरा. समदं ऐकूया," एवढंच त्यांचं पालुपद. मी चिडवायचे, "सिस्टर, तुमच्यासारख्या ज्युरीमुळे कैदी म्हातारा होऊन मरेल!" त्या हसायच्या आणि भडंगातले शेंगदाणे वेचून खायच्या.

सहाव्या भागात नर्सची साक्ष निघाली. मरण्याआधी ती बायको दोन दिवस दवाखान्यात होती आणि या नर्सनं तिला विचारलं होतं, काय झालं? ती म्हणाली होती, पाय घसरला. नर्सनं तेच लिहून घेतलं होतं. आता सरकारी वकील विचारत होता आणि मी सवयीनं थांबवून थांबवून सांगत होते. शाळेतली बाई ना मी, हातवारे आलेच, आवाज काढणं आलं. सिस्टर समोरच्या खुर्चीवर. "तुम्ही विचारलंत तेव्हा नवरा कुठं होता?" पलंगाशी. "त्याला बाहेर जायला सांगितलंत?" नाही. "का नाही सांगितलंत?" वकिलानं तेच परत विचारलं. मी पुन्हा, जास्तच चढ्या आवाजात, "का नाही सांगितलंत?" सिस्टरांच्या हातातले शेंगदाणे तसेच राहिले होते. मला ते दिसलं. दिसलं आणि मला वाटलं, वा, काय रंगलाय भाग!

पाटीलवहिनी म्हणाली, "आधी त्या नर्सलाच उलटी टांगा की!" आणि मी, चौतीस वर्षं मुलींना शब्द जपून वापरा म्हणून शिकवणारी मी, म्हणाले, "खून नवऱ्यानं केला असेल, पण त्याला वाचवलं हिनं. असल्या बाईला माफी नाही." मग वळून विचारलं, "काय सिस्टर? आज तरी मत?" त्या उठल्या. गुडघा धरलाय म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत. सोमवारी ब्लडप्रेशर बघायलाही आल्या नाहीत. मला काय वाटावं? वाटलं, कंटाळल्या माझ्या इंग्रजीला. सांगायचं तसं तोंडावर! शेवटी राहवेना म्हणून खाली गेले. त्या उशांना अभ्रे घालत बसल्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. अभ्र्याचं टोक ओढता ओढता खाली मान घालून बोलायला लागल्या. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी वॉर्डात एक एकोणीस वर्षांची मुलगी आली होती, गळ्यापासून खाली सगळी भाजलेली. पायथ्याशी नवरा आणि सासू उभी. सिस्टरांनी विचारलं, काय झालं गं? मुलीनं नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, स्टोव्ह भडकला. "मला समजलं बाई. बघितलं कसं तिनं, त्यातच समजलं. म्हटलं, उद्या ह्यास्नी बाहेर काढून परत विचारीन. सकाळी ड्यूटीवर गेले तर कॉट मोकळी..." कोर्टात त्यांची साक्ष झाली. मुलगी स्टोव्ह भडकला म्हणाली होती, तेच त्यांनी सांगितलं. नवरा सुटला. "खोटं न्हाय बोलले बाई. पण खरं काढलं बी न्हाय."

हे छापायला देण्याआधी मी वैशालीला सगळं सांगितलं. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, "लिहा बाई. आईनं तुम्हाला सांगितलं म्हणजे सांगण्यासारखंच असणार." पण सांगितलं तेव्हा मी काय केलं? माझी जीभ, जी एरवी पट्ट्यासारखी चालते, ती म्हणाली, "अहो सिस्टर, चाळीस वर्षं झाली त्याला! आणि ती सिरीयल हो, कुठं मनाला लावून घेता?" त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "ते न्हाय. तुम्ही मत सांगा. मला माफी हाय का न्हाय?" मी हसले. देवाशपथ, हसले मी. म्हटलं, "मी कोण तुमचा न्याय करणारी?" त्या म्हणाल्या, "त्या दिशी केलासा की."

मला ते झोंबलं. माझं चुकलं म्हणून नव्हे, मला बोलल्या म्हणून झोंबलं. तशीच वर आले. माफी मागायची तर आपणच परत जायला हवं, हे कळत होतं; पण आज जाऊ, उद्या जाऊ... आणि मग बाजारात तो फोन.

सातव्या दिवशी त्यांच्या लोकांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. बुद्धवंदना झाली, भावानं लहानपणाच्या आठवणी सांगितल्या. मग वॉर्डच्या आताच्या इन्चार्ज सिस्टर उभ्या राहिल्या. ड्यूटीवरून तशाच आलेल्या, पन्नाशीच्या, बोलायची सवय नसलेल्या. म्हणाल्या, "कांबळे सिस्टरांनी आमच्या बॅचला कामाला लावलं तवा पहिल्या दिवशी एकच शिकवलं. भाजलेली बाई आली, औषधपाणी सुरू झालं की नातेवाईक बाहेर. नवरा न्हाय, सासू न्हाय, आई सुदीक न्हाय. दार लावायचं. तिच्या उशाशी बसायचं आणि मग विचारायचं, एकदा न्हाय, तीनदा. एका मोठ्या घरातल्या पोराला हाताला धरून बाहेर काढलं म्हणून त्यांची बदली बी झाली. वरसानं परत आल्या आणि पहिल्याच दिवशी परत तेच. आम्ही विचारायचो, एवढं कशापायी ओ सिस्टर? तर म्हणायच्या, सांगितलंय तेवढं कर."

हॉलमध्ये सगळे माना डोलावत होते. कशापायी, ते त्या एवढ्या माणसांत मला एकटीला माहीत होतं. आणि मी त्यांच्यापुढं उभी राहून का नाही सांगितलंत, का नाही सांगितलंत म्हणून दोनदा ओरडले होते! मग पुढं काय केलंत सिस्टर, हे एकदा विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. समदं ऐकूया म्हणणारी बाई होती ती. मी ऐकायला थांबलेच नाही. कुणीतरी म्हणालं, बाई, तुम्ही दोन शब्द बोला. मी उभी राहिले, हात जोडले आणि खाली बसले.

कार्यक्रम आटोपल्यावर त्या इन्चार्ज सिस्टर चप्पल घालत होत्या. मी जाऊन त्यांचा हात धरला आणि विचारलं, "तो नियम अजून पाळता?"

"म्हंजे काय!" त्या घड्याळाकडं बघत म्हणाल्या. "आज सकाळीच एक आलीय. सासरची समदी बाहेर बाकड्यावर बसवलीत. पोरगी अजून काय बोलत न्हाय... जाते मी, तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंय."