तेलात फुगलेली सीलं

चूक माझी होती. ती मी मामांच्या माथी मारली, तीही पाच माणसांसमोर.

शाहूपुरीत माझं ऑफिस आहे आणि गावाबाहेर एका शेडमध्ये रबराचा छोटा कारखाना. पंपातलं तेल गळू नये म्हणून बसवायची ऑईल सील बनवतो. त्याला नायट्राइल रबर लागतं आणि ते बनतं बुटाडाईन नावाच्या वायूपासून. कोरियातला एखादा प्लांट बंद पडला, की महिन्याभरात माझा व्यापारी फोनवर खाकरून नवा भाव सांगतो.

त्या वर्षी भाव चढतच गेला. माझी सीलं घेणारा पंपवाला दर वाढवून देईना. मी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून हलकं रबर आणलं. मामा बावीस वर्षं आमच्या मिक्सिंग मिलवर, रबरात मापानं पावडरी मिसळायच्या यंत्रावर, होते. त्यांनी एक तुकडा ताणून बघितला, वास घेतला.

"मालक, ह्ये तेलात टिकायचं न्हाय की."

तुम्ही फक्त मिसळा, असं मी म्हणालो.

तीन महिन्यांत सीलं फुगली, पंप गळू लागले. पंपवाला तणतणत शेडवर आला. चौघे कामगार बघत होते. मी सांगून टाकलं, की मिसळताना म्हाताऱ्याचं माप चुकलं. मामांनी मान खाली घातली नाही. माझ्याकडेच बघत राहिले. मग हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि निघून गेले. पुढं त्यांना कुणीच कामावर घेतलं नाही. ते गगनबावड्याकडं आपल्या गावी गेले.

आधी दुपारी मामा आणि मी एकत्र जेवायचो. आता मी डबा ऑफिसात एकटाच उघडू लागलो. शेडमध्ये पाऊल टाकलं की कामगारांचं बोलणं थांबायचं. रोज सकाळी मोबाईलवर बुटाडाईनचा भाव बघायचो. उतरला तरी सांगायला कुणी नसायचं.

दोन वर्षांनी त्यांच्या गावी गेलो. माफी मागितली. मामांनी चहा दिला.

"मला एकट्याला सांगून काय उपेग, मालक? तितं पाच जण हुती. बावीस वर्सांत माप चुकलं न्हाय माझं."

सोमवारी त्यांना गाडीनं शेडवर आणलं. पंपवाल्याला बोलावून घेतलं. एक कामगार पुण्याला गेला होता, त्याला फोन लावून स्पीकर चालू ठेवला. मिल बंद केली.

"रबर हलकं होतं," मी म्हणालो. "मामांनी मला आधीच सांगितलेलं. त्यांचं माप बरोबर होतं, मी खोटं बोललो. मामा, मला माफ करा."