साडूंची तीन आठवड्यांची तालीम

एखादं काम तालमीशिवाय थेट करून टाकणारा माणूस आमच्या साडूंच्या लेखी गुन्हेगार असतो, आणि त्या न्यायाने त्यांच्या भिसेगावपासून माझ्या खोपोलीपर्यंत आम्ही सगळेच गुन्हेगार आहोत. मी तर सराईत. चप्पल घेतली, पायात घातली आणि घरी आलो, असं मी एकदा सहज बोलून गेलो, तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ते स्वतः दुकानात नवी चप्पल घालून अर्धा तास येरझाऱ्या घालतात आणि शेजारच्या इमारतीचा जिनाही चढून उतरून येतात. लग्नाच्या आदल्या दिवशी भटजींना गाठून त्यांनी अंतरपाट, अक्षता, हार सगळ्याची रंगीत तालीम करून घेतली होती, आणि नवरीच्या जागी मिशीवाला चुलतभाऊ उभा केला होता. अण्णांच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ते रिकामी रिक्षा घेऊन कर्जतच्या दवाखान्यापर्यंत जाऊन आले. खड्डे कळले, म्हणाले. दुसऱ्या दिवशी अण्णा त्याच खड्ड्यांतून गेले, पण आता ते माहितीतले खड्डे होते.

साडू पोटासाठी डेटाबेस सांभाळतात. मोठ्या कंपनीची सगळी माहिती ज्या संगणकी कोठारात असते ते चालू ठेवायचं, त्याची दुसरी प्रत काढून ठेवायची आणि ती प्रत वेळेला खरोखर उघडते का तेही पाहायचं, असं ते काम. अण्णा गावात ‘पोरगा कंप्युटरचा तलाठी हाय’ एवढंच सांगतात आणि ते सगळ्यांना पटतं. या धंद्यातला पहिला नियम साडूंनी मला निदान पन्नास वेळा ऐकवला असेल. चालू कोठाराला हात लावायचा नाही. जे काही करून बघायचं ते बाजूला मांडलेल्या खोट्या कोठारावर. बावीस वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि त्यांच्या कंपनीने नवी मुंबईतलं ऑफिसच गुंडाळलं. साडूंच्या हाताला गुण आहे, त्यामुळे आठवड्याभरात तीन वाटा उघडल्या. पहिली, घरी बसून चार कंपन्यांना सल्ला द्यायचा. दुसरी, हैदराबादला दोन वर्षांचा करार. पगार दुप्पट आणि कोठार असं अवाढव्य, की त्याचं वर्णन करताना साडूंचा आवाज हळू होई. तिसरी, खालापूरजवळच्या एका कारखान्यात कायमची नोकरी. पद खालचं, काम लहान, पण रोज संध्याकाळी घरी. हैदराबादला जायचं तर ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, सोबत जाणार होती. अण्णा मात्र भाताचं खाचर सोडून कुठेही जाणारे नव्हते. ऐंशीच्या घरातला माणूस एकटा मागे राहिला असता. ऑफिस बंद झाल्याचं अण्णांना माहीत होतं, पण हैदराबादचं नाव त्यांच्यासमोर काढायची साडूंची छाती होत नव्हती. उत्तर द्यायला तीन आठवडे होते. साडूंनी खोपोलीत शीळफाट्याला माझ्या घरी येऊन सांगितलं, की प्रत्येक प्रकार एकेक आठवडा घरीच करून बघणार.

पहिल्या आठवड्यात ते घराचे सल्लागार झाले. ताईने स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणून सांगितलं. त्यांनी नळाची पाहणी केली, ताईची मुलाखत घेतली आणि दोन पानी अहवाल दिला. त्यात तीन पर्याय होते. नळ गळतच राहिला. दुसऱ्या आठवड्यात करार. सकाळी कामांची यादी करायची, दोघांनी सह्या करायच्या आणि यादीबाहेरच्या कशालाही हात लावायचा नाही. ताई शेजारी गेलेली असताना कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या आणि साडू शेजारच्या खुर्चीवर पेपर वाचत बसून होते, कारण कुकर यादीत नव्हता. शनिवारी सहा वाजता करार संपला म्हणून त्यांनी घराची किल्ली रीतसर ताईच्या हवाली केली आणि ओट्यावर जाऊन बसले. जेवायची वेळ झाली तरी उठेनात. शेवटी ताईने पाहुणा म्हणून पान वाढलं.

तिसरा आठवडा कायमच्या नोकरीचा. यात यादी नाही, येईल ते काम आपलं. नेमकी तेव्हा अण्णांच्या खाचरात कापणी चालू होती. साडू भारे वाहायला लागले, झोडणीला उभे राहिले, हाताला फोड आले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. अण्णा दिवसभर त्यांच्याशी बोलत होते म्हणे. इतकं ते आधीच्या दहा वर्षांत मिळून बोलले नव्हते. शुक्रवारी दुपारी साडू माझ्याकडे आले ते पांढरेफटक पडून. अण्णांनी पारावर सगळ्यांना सांगितलं होतं, पोरगा आता इथंच ऱ्हाणार हाय. तालमीचं ताईला माहीत होतं, मला माहीत होतं, अण्णांना कोणी सांगितलंच नव्हतं. साडूंनी खोटं कोठार म्हणून जे घेतलं ते चालू निघालं होतं. बावीस वर्षांत न केलेली चूक त्यांनी स्वतःच्या बापावर केली होती.

खरं सांगतो, त्यांनी गप्प राहावं असंच मला वाटत होतं. ते हैदराबादला गेले असते, तर माझ्या हाकेला धावून येणारं दुसरं माणूस इथे नव्हतं. तरीही मी म्हणालो, की साडू, जाऊन सांगा त्यांना, आणि त्यांच्या सोबत गेलो.

अण्णा खळ्यावर बसून पेंढा बांधत होते. साडूंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, हैदराबादसुद्धा. अण्णांनी हातातली पेंढी बांधून पुरी केली.

“मला ठावं व्हतं रं,” ते म्हणाले. “लगीनसुदीक आदी करून बगितलंस तू. पन ह्यो हप्ता बरा गेला.”

एवढंच. जाऊ नको म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. पारावर मग का सांगितलंत, असं साडूंनी विचारलं, तर म्हणाले, “बोलून बगितलं, कसं लागतं ते.”

साडू तिथेच पेंढ्यावर बसले आणि त्यांनी खिशातून फोन काढून खालापूरला होकार कळवून टाकला. आधी मसुदा केला नाही, मला वाचून दाखवला नाही. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा मी मोठ्याने हसलो, आणि घरी ताई डोळे पुसत पुसत हसली. तो आनंद मी अजून विसरलेलो नाही.

आता वर्ष होत आलं. कारखान्यातून परत जाताना साडू शीळफाट्याला माझ्याकडे चहाला थांबतात. काम कसं आहे विचारलं तर बरं आहे म्हणतात, आणि ते खरंच आहे. मात्र एखाद्या दिवशी कपातला चहा निवतो, ते समोरच्या रस्त्याकडे बघत राहतात आणि विचारतात, “हैदराबादचं आता कोण बघत असेल हो?” मी म्हणतो, असेल कोणीतरी चांगला माणूस. ते मान हलवतात. मग घड्याळ बघून लगबगीने उठतात आणि स्कूटरला किक मारतात, कारण हल्ली अण्णा त्यांच्यावाचून जेवायला बसत नाहीत.