ओल्या आकड्यांची चढाओढ

कुणावर लिहावं एवढी माझी लायकी नाही, क्षमा असावी.

काशीच्या पंचगंगा घाटावर एक म्हातारे जोशी आम्हा मुलांत गणिताची चढाओढ लावत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ओल्या बोटाने ते पायरीवर आकडे लिहीत. ते वाळायच्या आत उत्तर द्यायचं. जिंकणाऱ्याकडे बघून नुसती मान डोलवत. हरणाऱ्या मला मात्र विचारत, "बोल बाळा, कुठे अडलास?"

मुलं हसत, "पंडितजी, ये तो रोज अटकता है!"

पण सांगता सांगता मला वाट दिसे.

आमच्या घरात कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. प्रवेशपरीक्षेत शेवटचं गणित अडलं, तेव्हा कागद कोरा न सोडता कुठे अडलो ते लिहिलं, आणि पुढचं सुचलं.

निकाल कळताच घाटावर धावलो. ते पाण्यात नाक धरून प्राणायाम करत होते.

"प्रवेश मिळाला!" मी ओरडलो.

नाक सोडून ते शेजारी नाव बांधणाऱ्या नावाड्याला म्हणाले, "सुना? हमारा लड़का कालेज पहुँच गया!"