प्रमुख पाहुण्यांच्या डिकीतली नागली

नाशिकच्या मॉलमध्ये नागलीची, म्हणजे नाचणीची, बिस्किटं सुपरफूड म्हणून महागड्या डब्यात दिसायला लागली, तेव्हा कुठे जिने अख्खं आयुष्य नागलीत घातलं त्या बाईचा सत्कार करायचं लोकांना सुचलं. ती बाई म्हणजे कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या मॅडम. व्हॉट्सॅपवर आमंत्रण आलं आणि रविवारी सकाळी मी नवऱ्याला गाडीत घातलं.

दिंडोरी, वणी करत सुरगाण्याकडे. वणीपर्यंत रस्ता झकास, पुढे घाटात खड्डे चुकवणं हीच करमणूक. पेट्रोल नाशकातच भरा, वणीत मिसळ हाणा. पुढे चहाशिवाय फारसं काही मिळत नाही.

मॅडम मनमाडच्या रेल्वे कॉलनीतल्या. बरोबरीचे लोक द्राक्षांच्या जोरावर परदेशवाऱ्या करत होते, तेव्हा या बाई इथल्या डोंगरात नागलीवरचा करपा बघत हिंडत होत्या. रोगाने सगळं शेत बसलं तरी एखादं रोप ताठ उभं असतं, याकडे त्यांच्याआधी कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. अशाच रोपांचं बी राखत त्यांनी करप्याला दाद न देणारं वाण काढलं. गरिबाच्या भाकरीवर कसलं आलंय संशोधन, असं तेव्हाचे साहेब म्हणायचे. तेच साहेब आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून नागलीची आंबील पितात.

मॅडमच्या सुरगाण्यातल्या घरासमोरच्या मांडवात सत्कार समितीच्या अध्यक्षांनी माझ्या हातात नागलीच्या कणसांचा गुच्छ ठेवला. "प्लास्टिकमुक्त कार्यक्रम हाय ताई, लय येगळं केलंय." मीही भारावून सेल्फी टाकला. प्रमुख पाहुण्यांनी मॅडमचे बाजरीतल्या क्रांतीबद्दल आभार मानले आणि पुढचा कार्यक्रम असल्याने सत्काराआधीच निघाले.

शाल अध्यक्षांनीच घातली. मॅडमनी माझ्या हातातला गुच्छ घेऊन उलटसुलट पाहिला.

"हे कुठून तोडलं?"

अध्यक्षांनी अभिमानाने घरामागचा तुकडा दाखवला. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. हल्ली करप्याने नवं रूप घेतलंय, जुनं वाणही त्याला बळी पडतंय. त्यातून तगलेली मोजकी रोपं त्या तुकड्यात होती, आणि ओळखू यावीत म्हणून मॅडमनी त्यांना लाल दोरा बांधला होता.

"दोऱ्यावाली पाव्हण्यांना दिली," अध्यक्षांचा आवाज खाली आला. "आमाला वाटलं, देवीचा दोरा हाय."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "ते बी गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि तेवढी वर्षं आता माझ्याकडे नाहीत गं."

पाहुणे गेले त्या रस्त्याने आम्ही निघालो. एरवी चाळीसच्या वर न जाणाऱ्या माझ्या नवऱ्याने घाटात गाडी अशी पळवली की मी डोळेच मिटून घेतले.

वणीच्या एका हॉटेलात पाहुणे शेवभाजी खाताना सापडले. लाल दोरे त्यांच्या, पीएच्या आणि ड्रायव्हरच्या मनगटावर होते. कणसं डिकीत, बाकीच्या हारतुऱ्यांखाली चेपलेली. मी सगळं सांगितलं. पाहुणेसाहेब गंभीर झाले आणि म्हणाले, असं नुसतं कसं देणार, फोटोग्राफरला येऊ द्या. मग कणसं माझ्या हाती सोपवण्याचा समारंभ झाला. आधी सरळ उभं राहून, मग हसून, मग पीएला बाजूला सारून. दरवेळी दाणे गळत होते आणि माझा नवरा खाली रुमाल पसरून वाकलेला होता. इतका राग मला आयुष्यात क्वचित आला असेल, पण कणसं त्यांच्या हातात होती, म्हणून मीही हसले.

परत पोहोचलो. मॅडमनी कणसं ओंजळीत घेतली, रुमालातले दाणे निरखले आणि ढसाढसा रडल्या. वर्गात आम्हाला ज्यांच्या ओठांवर साधं हसूही कधी दिसलं नव्हतं, त्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा फोटो, वर मथळा: संशोधनाला जीवदान. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याला हात जोडून झाले. मी तणतणत मॅडमना फोन लावला. समितीने पुढच्या वर्षीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना जाहीर केल्याचं त्यांच्याकडूनच कळलं.

"मग काय म्हणालात?"

"उन्हाळ्यात ठेवा म्हटलं. तेव्हा शेत रिकामं असतं."